एकोणीस बिल्ले, गुळाचा एक खडा

परवा व्हिडिओ कॉलवर माझी नात ऋता सुट्टीतल्या गमती सांगत होती. ती आणि तिचा धाकटा भाऊ सोहम न्यूझीलंडमध्ये राहतात. शाळेला सुट्टी लागली तशी आईबाबांबरोबर दोघं गरम झऱ्यांच्या गावाला जाऊन आली. तिथे जमिनीतून पाण्याचा फवारा माडाएवढा उंच उडतो, चिखल पिठल्यासारखा रटरटतो, आणि सबंध गावाला, सोहमच्या शब्दांत, ‘सडक्या अंड्याचा’ वास येतो. नंतर एका शेतावर त्यांनी मेंढीची लोकर उतरवताना पाहिली, कोकराला बाटलीने दूध पाजलं. सांगता सांगता ऋता मध्येच थांबली.

“आजी, तुझ्या मागे भिंतीवर ते काळं काळं काय लटकतंय?”

“माझ्या कंपनीचे बिल्ले.”

“तुझी कंपनी होती?” सोहम ओरडला. “आम्हाला कुणी सांगितलंच नाही!”

कंपनी म्हणजे भाड्याची एक मिनीबस, एक फळा, एक शिट्टी आणि मी. पण ऋता, सोहम, तुम्ही सुट्टीत जे केलंत तेच माझं काम होतं: माणसांना जमिनीतलं ऊन पाणी दाखवायचं आणि मग शेतावर जेवायला न्यायचं. हे सगळं फोनवर सांगून होत नाही. शिवाय तुमची आई “आता झोपायची वेळ झाली” म्हणून फोन काढून घेते. म्हणून इथे, या अंकात, नीट लिहिते. अंकाच्या बाकीच्या वाचकांनी शेजारच्या घरचं पत्र चुकून हाती आल्यासारखं वाचावं. माझी हरकत नाही.

आधी बिल्ल्यांबद्दल. मी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते. तुमच्या पणजोबांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि त्या इंग्रजीचा मुख्य उपयोग पुढे कामगारांच्या हजेरीचे शेरे लिहिण्यासाठी झाला. कामगार आत आला की आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला लावी. बिल्ला लागला म्हणजे माणूस हजर. खिळा रिकामा म्हणजे गैरहजर. एवढं सोपं. आणि एकच मोठा गुन्हा: दुसऱ्याचा बिल्ला लावणं.

निवृत्त झाल्यावर मी बदलापूरच्या घरी दोन महिने बसले. कपाटं तीनदा आवरली. मग जुन्या कामगारांच्या बायका म्हणाल्या, बाई, गुडघे दुखतात, कुठेतरी गरम पाण्याच्या कुंडावर न्या ना. एक सहल नेली, मग दुसरी, आणि बघता बघता नऊ हिवाळे गेले. कारखाना बंद झाला तेव्हा भंगारात निघालेला फळा आणि काही बिल्ले मी मागून घेतले होते. ते बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे ठोकले.

गाडी हरीशची. तो उल्हासनगरचा सिंधी, मला ‘अदी’ म्हणे, म्हणजे मोठी बहीण. पहाटे अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर गाडी उभी राहायची. म्हातारी मंडळी मफलर गुंडाळून चढायची, कल्याण येईपर्यंत पुन्हा झोपायची. हरीश गाडी अशी चालवी की कुणाची मान इकडची तिकडे होऊ नये. पडघा ओलांडलं की बाहेर उजाडू लागे. भाताचे खुंट, त्यावर धुकं, मध्येच एखादा बगळा. वीस जण झोपलेले असताना एकटीने जागं राहून हे बघायचं, हे माझ्या धंद्यातलं पहिलं सुख.

दुसरं सुख अकलोलीला. तानसा नदीच्या काठाला तिथे लहान लहान कुंडं आहेत, दगडाने बांधलेली. तुमच्याकडच्यासारखा ज्वालामुखी इथे नाही. पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल खोल उतरतं, तिथे तापतं आणि वाट सापडली की वर येतं. कदाचित तुमच्या आजोबांच्या लहानपणी पडलेला पाऊस असेल, कुणी सांगावं. हिवाळ्याच्या सकाळी कुंडांवर वाफ अशी बसलेली असते की आत उतरलेला माणूस आधी कमरेपासून, मग खांद्यापासून पुसला जातो. नुसती डोकी तरंगताना दिसतात, आणि आवाज. त्या वाफेत माणसं हळू बोलतात, कुणी सांगितलं नसताना. मी काठावर घड्याळ घेऊन उभी. दहा मिनिटं झाली की शिट्टी. रक्तदाबाच्या माणसांना जास्त वेळ ऊन पाण्यात ठेवायचं नाही, भरल्या पोटी उतरू द्यायचं नाही, उपाशी पोटी तर नाहीच, हे मी डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवलं होतं. नऊ हिवाळ्यांतले बहुतेक सगळे मी काठावरच काढले. पाण्यात एकदाही पाय घातला नव्हता. घड्याळ कोण धरणार?

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हांची. एक निवृत्त मास्तर दर कुंडात थर्मामीटर बुडवायचे, आकडे लिहायचे आणि न उतरताच परत यायचे. उल्हासनगरच्या लाजवंतीबाई उतरायच्या नाहीत, पण दोन थर्मास भरून न्यायच्या. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा: “मॅडम, अभी भी गरम है! पैर रखा तो बोले, ये पानी अपना नहीं है, किसी और मुलुक का है.” मला तो फोन बक्षिसासारखा वाटे.

आता ज्या दिवशी बिल्ले काळे पडायला लागले त्याची गोष्ट.

त्या रविवारी एकोणीस प्रवासी होते. त्यांत वामनराव आणि शांताराम. दोघं कारखान्यात एकाच पाळीला, एकाच यंत्रावर. एकमेकांना अजून ‘वाम्या’ आणि ‘शांत्या’. वामनराव बदलापूरच्या मांजर्लीत राहायचे, नदीच्या अंगाला. बायको वर्षापूर्वी गेली होती. साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी चालू. शांतारामनेच त्यांना ओढून आणलं होतं.

माझी पद्धत अशी होती: कुंडाशी उतरताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला दोरीने गळ्यात घालायचा, परत गाडीत चढताना फळ्याला लावायचा. सगळे खिळे भरले की गाडी सुटली. फक्त पाण्यात जाताना बिल्ला काढून बरोबरच्याकडे द्यायचा, कारण गंधकाच्या पाण्याने पितळ काळं पडतं. मला ते चकचकीत हवे असायचे. दर शनिवारी मी ते चिंचेने घासत असे.

साडेनऊला शिट्टी मारली. मंडळी ओल्या केसांनी, गुलाबी चेहऱ्यांनी गाडीत आली. फळ्याकडे पाहिलं. एकोणीसच्या एकोणीस. “चलो हरीश,” मी म्हटलं. ऊन पाण्यातून आलेला माणूस लहान मुलासारखा झोपतो. पडद्याआड सगळे पेंगलेले. मी सीटवरून मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कशाला पाहू? फळा सांगत होता.

बाराच्या सुमाराला जांभूळ गावच्या अलीकडे हिराबायच्या शेतावर पोचलो. हिराबाय आगरी, माझ्याच वयाची, शाळेत पाऊल न टाकलेली, आणि माझ्याहून चोख. तिच्या शेतात भात, वाल, दोन म्हशी आणि बांधाला जांभळांची मोठी झाडं. हिवाळ्यात तिथे पोपटी करायची: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. पण आधी आलेल्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्यातलं पाणी. मी आदल्या दिवशी आकडा कळवत असे आणि ती तेवढे खडे परातीत मांडून ठेवी. माणसं मात्र ती कधीच मोजत नसे. जित्या माणसाला मोजलं की आयुष्य कमी होतं, असं तिचं म्हणणं.

गूळ वाटून झाला. ती परात घेऊन माझ्याकडे आली.

“बाय, एक खडा उरलाय.”

“कुणी घेतला नसेल. डायबिटीसवाले आहेत.”

“सगल्यांनी घेतला. मी हातावर ठेवलाय ना.”

“मग तुझा एक जास्त झाला असेल, हिराबाय. माझा फळा एकोणीस दाखवतोय.”

“तुजा फला पितलंचा हाय,” ती शांतपणे म्हणाली. “माजा गूल मानसांनी खाल्लाय.”

मी मागे पाहिलं. जांभळाखाली बाजा टाकल्या होत्या. माणसं गुळाचं पाणी पीत होती, म्हशीला हात लावत होती. शांताराम एकटा गाडीच्या पायरीवर उभा होता आणि आतल्या सीटकडे बघत होता. त्याचा चेहरा पाहून मी त्याच्यापाशी गेले.

“शांताराम, वामनराव कुठे आहेत?”

“बाई…” त्याने टोपी काढली. “मला वाटलं मागच्या सीटवर झोपलाय. शाल होती तिथे.”

“पण बिल्ला?”

“मी लावला.”

“काय?”

“तो म्हणाला, सदरा घालून येतो, हो पुढे. बिल्ला माझ्याच खिशात होता. चढताना दोन्ही लावले. हात आपोआप गेला, बाई. बत्तीस वर्षांची सवय.”

माझ्या कारखान्यातली माणसं घेऊन मी माझ्या कारखान्याचा फळा लावला, आणि ती काय करणार हे मलाच सुचलं नाही. शिवाय पाण्यात जाताना बिल्ला दुसऱ्याकडे द्या, हा नियमही माझाच. पितळ उजळ राहावं म्हणून.

वामनरावांची पिशवी सीटवर होती. तिच्यात फोन, तिच्यात खाऊचा डबा, न उघडलेला. गोळी मात्र त्यांनी सकाळी माझ्यासमोर घेतली होती. साखरेची गोळी पोटात, वर अन्न नाही, आणि ऊन पाणी. वहीत कुंडावरच्या चहावाल्याचा नंबर होता. तीनदा लावला. वाजत राहिला, रविवारची गर्दी.

“अदी, बैठो,” हरीश म्हणाला. “टेन्शन नको. गाडी काढतो.”

शांतारामही चढला. बाकीच्यांना हिराबायच्या हवाली केलं. निघताना ती खिडकीशी आली. “भाकऱ्या वारते सगल्यांना. पन पोपटीला इस्तव लावत नाय. तो आल्यावर.”

तो आल्यावर, म्हणाली. त्या दोन शब्दांवर मी कल्याणपर्यंत तग धरला.

त्या वाटेवर मला जे आठवत होतं ते आता सांगायला हवं. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका पावसाळ्यात, एकदा मी वामनरावांचा बिल्ला फळ्यावर आणि वामनरावांना गैरहजर पकडलं होतं. लावणारा शांतारामच. मी लाल शाईने नोंद केली आणि इंग्रजीत मेमो टाइप न करता हाताने लिहिला, कारण माझ्या अक्षराची साहेब तारीफ करीत. आठ दिवसांनी कळलं की त्या सकाळी उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं होतं आणि वामनराव म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन बाहेर काढत होते. साहेब म्हणाले, तुम्ही म्हणाल तर नोंद खोडू. मी म्हटलं, रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नसते. त्या नोंदीमुळे पुढे त्यांची बढती अडली. ते मला गेटवर रोज नमस्कार करीत राहिले. मी रोज मान हलवीत राहिले. ते सहलीला आले तेव्हाही मी त्याबद्दल बोलले नाही. बोलू म्हटलं, सावकाश.

पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. वाफ विरलेली, कुंडावर दुपारची पोरंठोरं. वामनराव कुठेच नाहीत. मोठ्या कुंडाच्या कडेला त्यांच्या चपला मात्र होत्या, जोडीने, व्यवस्थित. शांताराम त्या चपलांपाशी बसलाच. “वाम्या रे,” एवढंच म्हणाला. मी पाण्यात पाहत होते. पाणी गढूळ होतं.

“तो बाबा शोधताय?” चहावाल्याची बायको टपरीतून म्हणाली. “खाली नदीत बसलाय. दोनदा चहा दिला, बटाटावडे दिले. हलतच नाही.”

नदीला हिवाळ्यात पाणी कमी. वाळूत जिथे खालून ऊब येते तिथे कुणीतरी हाताने खळगा केला होता. वामनराव त्यात पाय सोडून, झाडाच्या सावलीला बसले होते. समोर थंड पाणी वाहतंय, पायाशी ऊन. डोळे अर्धे मिटलेले.

शांताराम धावला. “मेल्या! जीव घेतलास माझा!”

“कुंडात गेलो होतो की काय, वाटलं?” वामनराव म्हणाले. “चपला वर ठेवल्या. वाळूत भरतात.”

मी विचारलं, “वामनराव, गाडी सुटताना तुम्ही पाहिलीत?”

“पाहिली ना.”

“मग हाक का नाही मारली?”

ते थोडे लाजले. “म्हटलं, शांत्याने बिल्ला लावलाच असणार. म्हणजे आपण हजर आहोत. हजर माणसाला कोण शोधतंय? बसू जरा.” मग पाण्याकडे बघत म्हणाले, “ही म्हणायची, एकदा ऊन पाण्याला नेऊन आणा. नेलं नाही. आज सकाळी वाफेत सगळ्यांचे आवाज येत होते, त्यात वाटलं एक तिचा आहे. आहे म्हणजे नाहीच, ते कळतं मला. पण उठवेना.”

पलीकडे एक खंड्या पाण्यावर सूर मारून गेला.

मग मी म्हटलं, “वामनराव, तो पावसाळ्यातला मेमो मी लिहिला होता.”

“अक्षरावरून ओळखलं होतं, बाई. तसं इंग्रजी दुसऱ्या कुणाचं? मला वाचता येईना. ह्या शांत्याला दिला, त्यालाही येईना. वर्षभर पाकिटात होता. मग पोरगी इंग्रजी शिकली, तिने वाचून दाखवला. म्हणाली, बाबा, तुम्ही नव्हतात तरी होतात, असं लिहिलंय.” ते हसले. “बिल्ला हजर आणि आपण नाही, असं दोनदाच झालं. तेव्हा छातीएवढ्या पाण्यात होतो. आज घोट्याएवढ्या.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. दोन शब्द. लिहायला लाल शाई लागली नाही.

“बसा,” ते म्हणाले. “पाय घाला. तुम्ही कधी घातलेच नाहीत. मी सकाळपासून बघतोय.”

मी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि त्या खळग्यात पाय सोडले. बाळांनो, काय सांगू. ते पाणी पायाला लागत नाही, ते वर चढत येतं. खालून कुणीतरी, फार जुनं, हळूच श्वास सोडतंय असं वाटतं. नदीचा आवाज लांब गेला. घड्याळ मनगटावर होतं, पण मी पाहिलं नाही. किती वेळ बसलो ते मला आजही माहीत नाही, आणि माझ्या आयुष्यात असं म्हणता येण्यासारखा तेवढाच एक वेळ आहे. वरून हरीशने हॉर्न दिला तेव्हा तिघंही दचकलो.

शेतावर परत आलो तर उन्हं कलली होती. मंडळी जांभळाखाली बसून वाट पाहत होती. हिराबायने वामनरावांकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि उपडी घातलेली वाटी उचलली. खाली तो गुळाचा खडा होता.

“हा तुजा. मुंग्यांपासून राखलाय.”

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं.

“अर्धा,” मी म्हटलं.

त्यांनी अर्धा शांतारामला दिला. मग हिराबायने जाळ लावला. ती पोपटी खाऊन घरी पोचायला सगळ्यांना उशीर झाला आणि एकानेही तक्रार केली नाही. नऊ हिवाळ्यांत हे पहिल्यांदाच.

पुढच्या सहलीपासून मी नियम बदलला: बिल्ला गळ्यातून काढायचा नाही, पाण्यातसुद्धा. दोन रविवारांत सगळे काळे झाले. चिंचेने घासणं मी सोडून दिलं. आणि गाडी सुटण्याआधी मी स्वतः गुळाचे खडे वाटू लागले. पुढे गुडघे माझेच दुखू लागले आणि कंपनी बंद झाली. वामनराव मागच्या वर्षी गेले. त्यांचा बिल्ला शांतारामने मागून नेला. मी म्हटलं, दुसऱ्याचा बिल्ला न्यायचा नसतो. तो म्हणाला, बाई, आता कुणाला मेमो देणार? मी बिल्ला दिला.

ऋता, सोहम, दर रविवारी तुमची आई फोनवर सांगते, “दोघं मजेत आहेत.” ती खरंच सांगते, पण मी टाइम ऑफिसला होते. मला ते पुरत नाही. म्हणून आज सात आणि बारा नंबरचे बिल्ले काढून पोस्टाने तुम्हाला पाठवले. पुन्हा त्या झऱ्यांच्या गावाला गेलात तर गळ्यात घालून खुशाल पाण्यात उतरा. आधीच काळे आहेत, आणखी काळे होऊ द्या. फळ्यावरचे ते दोन खिळे मी रिकामे ठेवलेत. तुमच्या आईच्या हाती बिल्ले देऊ नका. येऊन आपल्या हाताने लावा.

हिराबायला आकडा कळवून ठेवलाय. दोन खडे, मी म्हटलं. ती म्हणाली, कवा? मी म्हटलं, माहीत नाही. “मंग वाटीखाली ठेवते,” ती म्हणाली.